चार तारा की पाच, रफिक?

रफिक, तुझा शेवटचा मेसेज असा आहे : "शनिवारी चार वाजता. पाच तारांचं नाव काढलंस तर मी येणार नाही." त्याखाली माझं उत्तर आहे : "काढणारच." ते तू वाचलंस, तशा निळ्या खुणा आहेत. मग तू तुझ्या सीट कव्हरच्या दुकानावर गेलास, शटर अर्ध्यापर्यंत उचललंस आणि खाली बसलास. शेजारच्या टायरवाल्याला वाटलं, कुलूप पडलं असेल, शोधतोयस. रिक्षातून रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे मी क्रमाने लिहून पाहिलं. आधी मेसेज, मग शटर, मग रिक्षा. कुठलीही गोष्ट क्रमाने मांडली की ती मला समजते, असा माझा आजवरचा अनुभव. ही समजत नाही. शनिवारची वेळ ठरवणारा माणूस गुरुवारी सकाळी नसतो, हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी मला ते दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं.

दुपारी आपल्या कीबोर्डवाल्या निखिलचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होते, पुढच्या आठवड्याच्या प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये. बाहेर येऊन ऐकलं, पर्स घेतली, निघाले. चाकण चौकातून मोशीपर्यंत गाड्या हलत नव्हत्या आणि मी डोक्यात कामं लावत होते. खुर्च्या, मांडव, पाण्याचे जार, सोलापूरला भाभीच्या बहिणीला कोण कळवणार, भालेरावकाकांना घरून कोण आणणार. आमच्याकडे कुणी गेलं की हे माझ्याकडे असतं. रडणं बाकीच्यांकडे. काळेवाडीत तुझ्या गल्लीशी पोचले तर खुर्च्या लागलेल्या होत्या, पाणी आलेलं होतं, सोलापूरचे लोक निघालेले होते आणि मय्यत उचलून झाली होती. एका अनोळखी बाईने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि मला भाभीशेजारी बसवलं. मला करायला काही उरलं नव्हतं. तुझ्या माणसांना यादी लागत नाही, रफिक. सकाळी गेलेला माणूस असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजानंतर मातीत. मी तुझा चेहराही पाहिला नाही. त्यामुळे असेल, अजून माझ्यातला एक भाग शनिवारचं धरूनच बसला आहे.

बेस गिटारचा विषय तूच काढला होतास. गणपतीत चिंचवडच्या त्या सोसायटीत आपला कार्यक्रम झाला, आणि मागे वडापाव खाताना तू म्हणालास, "ताई, खरं सांगू? तुझी गिटार ऐकू येते कुणाला?"

"मला येते."

"मग घरी वाजव."

गाऊन दमलेल्या भालेरावकाकांना ठसका लागला. "अरे रफिक, बाईमाणसाशी असं बोलतात का?"

"बाईमाणसाशी कुठं बोललो काका, गिटारवाल्याशी बोललो."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू बरोबर होतास, म्हणून जास्तच. निखिलच्या कीबोर्डवर सगळे कॉर्ड वाजतात. त्याच्यावर माझी गिटार म्हणजे झाकणावर झाकण. तिसऱ्या दिवशी सामान टेम्पोत चढवताना तू आवाज खाली आणून म्हणालास, "वर तुमची सगळ्यांची गर्दी आहे. खाली मी एकटा असतो गं. खाली सोबत दे मला." एवढ्यावर मी कॉलेजपासूनची गिटार द्यायला तयार झाले. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं की एक्स्चेंजची चांगली संधी आहे.

मग आईने अडवलं. पितृपंधरवडा लागला होता आणि त्या दिवसांत नवी वस्तू घरात आणायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलं. मी तुला म्हटलं, आता थेट घटस्थापनेनंतर बघू. तू हसायला लागलास.

"आणू नको ना घरात. पण जुनी द्यायला कुठं बंदी आहे? आणि बघायला कुठं बंदी आहे? मी सीट कव्हरवाला आहे, मला विचार. तुमच्या या पंधरा दिवसांत पिंपरीतली दुकानं झोपलेली असतात. शेठ तुला दिवसभर वाजवू देईल. घटस्थापना झाली की झुंबड. तेव्हा बोलू का तुझ्याशी कुणी?"

म्हणजे माझ्या पितरांचा पंधरवडा कसा वापरायचा हे तू ठरवलंस. आईलाही ते पटलं. ती म्हणाली, पोरगं हिशेबी आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ती पोरगं म्हणत होती.

पिंपरी कॅम्पातल्या मोहनशेठच्या दुकानात आपण गिटार ठेवली. मान सरळ आहे का, मानेवरचे धातूचे पडदे किती झिजलेत, ते तपासून ते मोबदला ठरवणार, आणि घटस्थापनेनंतर मी बेस उचलणार. मी रिकामी बॅग पाठीला लावून घरी आले. त्यामुळे तू गेलास तेव्हा माझ्याकडे गिटार नव्हती आणि बेसही नव्हती. ज्यांना वाजवून दुःख हलकं करता येतं त्यांना येत असेल. माझ्या खोलीत नुसता स्टँड होता.

त्या दुकानातली पहिली दुपार मला सबंध आठवते. तू ढोलक घेऊन आलास, रिक्षातून, चादरीत गुंडाळून.

मोहनशेठ म्हणाले, "रफिकभाई, ढोलक विकायचाय का?"

"नाही शेठ. ढोलकला स्थळ बघायला आलोय."

"मग पोहे मागवू?"

"मुलगी पसंत पडू दे आधी."

मी मुद्दे काढून आणले होते : वजन, मानेची रुंदी, माझ्या बोटांचा आवाका, सकाळी अभंग आणि संध्याकाळी हळदीतली लावणी एकाच वाद्यावर निभेल का. तू ते बाजूला सारलेस. स्टुलावर बसलास, ढोलक मांडीवर घेतलास आणि म्हणालास, "प्रत्येकीला माझ्याबरोबर वाजव. एकटी वाजवलीस तर सगळ्याच गोड लागतात." दुकानात एकट्याने वाजवून वाद्य घ्यायचं आणि मग कार्यक्रमात तोंडावर पडायचं, ही चूक सगळे करतात असं तुझं म्हणणं होतं. ते मला लगेच पटलं. कंपनीत आम्हीही सुटा भाग टेबलावर पास करत नाही, जोडून बघतो.

आखूड मानेची एक माझ्या हाताला छान बसत होती, पण तुझ्या ढोलकपुढे तिचा आवाज चिमणीसारखा झाला. एक बॅटरीवर चालणारी होती. तू विचारलंस, "ऐन लावणीत बॅटरी गेली की?" मी म्हटलं, बदलायची तारीख लावून ठेवीन. "तू ठेवशील गं. पण बॅटरीला कोण सांगणार?" मग शेठनी पडदे नसलेली बेस काढली आणि तू वेडाच झालास. तिच्यातली सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड ऐकून डोळे मिटलेस. म्हणालास, "हीच घे."

"पडदे नाहीत तिला. माझं बोट कुठं पडेल याची मला खात्री नाही."

"मलाही नाही," तू म्हणालास, "पण ऐकायला मजा येईल."

शेवटी दोन उरल्या. एक चार तारांची, दोन पिकअपची. पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारी पट्टी. त्यातला मधला पिकअप वापरला की आवाज गोल आणि जाड येतो, तारा अडकवतात त्या पुलाजवळचा वापरला की टोकदार, आणि दोन नॉब फिरवून त्यांच्यामधलं काहीही. अभंगाला एक, लावणीला दुसरा, काकांच्या जुन्या हिंदी गाण्यांना दोन्ही थोडे थोडे. दुसरी पाच तारांची. आणि तिथून आपलं जुंपलं.

माझं म्हणणं साधं होतं. काका काळी एक पट्टीत गातात. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीनचा, म्हणजे काकांचा अगदी खालचा सा तिच्यावर नाहीच. तो वरून घ्यावा लागतो. पाचवी तार असली की तो मिळतो. सर्व प्रकारच्या गाण्यांना चालेल असं वाद्य घ्यायचं तर ज्याच्याबरोबर रोज वाजवायचं त्याचाच सा नको का त्यात?

तू म्हणालास, "तिथं खाली मी राहतो, ताई."

"राहतोस म्हणजे?"

तू डावा तळवा ढोलकच्या जाड तोंडावर दाबून घासलास. धुम्म. आवाज खाली उतरत गेला. "हा माझा मजला. आता तू पाचवी तार वाजव." मी वाजवली. तू पुन्हा थाप मारलीस. दोन्ही आवाज एकमेकांत बुडाले, तुझाही कळेना आणि माझाही. "बघ. सोबत दे म्हटलं होतं, अंगावर ये नव्हतं म्हटलं."

"तू ढोलक थोडा चढव की."

"चढवून काय ढोलकी करू त्याची? सा वरून घे तू. लोकांना बरोबर कळतं घर कुठलं आहे ते."

"मग मी पैसे घालून अर्धवट वाद्य घेऊ?"

"अर्धवट नाही गं. जागा सोडणारं."

मोहनशेठनी खरंच पोहे मागवले. आपण खाताना भांडलो, रिक्षा शोधताना भांडलो, नंतर रोज फोनवर भांडलो. या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. त्या चार तारांच्या बेसवर मी वरचा सा धरला आणि तू खालून धुम्म दिलीस, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी वाजवलेलं कुणाच्या तरी कामाला आलं. मला ते फार आवडलं होतं. मी ते कबूल केलं असतं तर तू जिंकला असतास, म्हणून बोलले नाही. शनिवारी आणखी एकदा वाजवून, आणखी थोडं भांडून मग बोलणार होते.

शनिवारी मी गेले. कामाच्या यादीत होतं म्हणून गेले, दुसरं कारण मला देता येणार नाही. चार वाजता दुकानाचं दार ढकललं तर मोहनशेठ माझ्या मागे बघत म्हणाले, "रफिकभाई गाडी लावतायत का?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दोन दिवसांत एवढ्या लोकांना फोन केले मी, आणि हे एक नाव सुटलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "काय बोलता ताई." पुन्हा म्हणाले, "काय बोलता." मग ते तू बसला होतास त्याच स्टुलावर बसले, आणि लक्षात आल्यावर उठले. "आज राहू द्या," म्हणाले. मी म्हटलं, नाही, आलेच आहे तर बघते. मी पाच तारांची घेतली, जोडली आणि काकांचा खालचा सा लावला.

रफिक, तो सूर अप्रतिम होता. काचेचं दार थरथरलं. भरलेला, मोकळा, स्वच्छ सूर, कुणाच्या अंगावर जात नव्हता, कारण तिथे कुणीच नव्हतं. मी जे आठ-दहा दिवस तुला पटवत होते ते असं शाबीत झालं. मला तो सूर आवडला, आणि आवडला याचाच मला जबर धक्का बसला. मी बेस ठेवून दिली, आणि काही न ठरवता बाहेर आले. कॅम्पाच्या गल्लीत गर्दी नव्हती. तू म्हणाला होतास तशीच दुकानं झोपलेली होती.

नंतर एका दुपारी भाभीकडे गेले. ती इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. बायका येतात-जातात. तिने मला सोफ्यावर शेजारी बसवलं. मग तिनेच विचारलं, "ताई, घेतली का मग? चार की पाच?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

"रोज तेच चालायचं घरात. जेवता जेवता ताटावर वाजवून दाखवायचे मला, हे बघ ताई अशी अंगावर येते म्हणून. माझी भाजी थंड."

"नाही घेतली अजून, भाभी. तो म्हणत होता ती चार तारांचीच घ्यावी असं वाटतंय आता."

"का? ते गेले म्हणून?" ती चक्क रागावली. "असं नका करू हां. सोफ्याच्या रंगावरून माझ्याशी आठ दिवस भांडले, डाळिंबी रंगच पाहिजे म्हणून. आता बघा, दिसतो का चांगला? त्यांचं सगळंच काय बरोबर नसायचं." आम्ही दोघी तुझ्या त्या सोफ्यावर बसूनच हसलो. हसता हसता भाभी दाराकडे बघायला लागली, तू आत येऊन काहीतरी उलटं बोलशील अशी. तेवढा वेळ मीही बघितलं.

घरी येताना मी ठरवलं. तू मेलास म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. हे वाचायला कठोर वाटेल कुणाला, तुला वाटणार नाही. तुझ्या आठवणीसाठी म्हणून चार तारांची घेतली तर ते भांडण नव्हतंच, मी नुसती तुझी समजूत काढत होते असं झालं असतं. आणि तू नाहीस म्हणून पाच तारांची घेतली तर ते माझ्याच्याने होणार नव्हतं. राहिला एकच रस्ता, नीट तपासून बघायचा. घटस्थापना झाल्यावर मी मोहनशेठना विचारलं, दोन्ही नेऊन बघू का? ते म्हणाले, न्या, तुमची गिटार आहेच इथं. खंडेनवमीला चाकणच्या एका कंपनीत आपला कार्यक्रम आधीच ठरलेला होता. मशीनची पूजा, मग जेवण, मग गाणी. आदल्या दिवशी साउंडवाल्याने स्पीकर लावले तेव्हा मी दोन्ही बेस घेऊन त्या शेडमध्ये गेले.

पत्र्याची शेड, खाली सिमेंट, भाड्याचे स्पीकर. आपण वाजवतो ते सगळं अशाच ठिकाणी. मोहनशेठच्या दुकानात दार थरथरवणारा तो सा इथे लावला तर लांबून फोर्कलिफ्ट जावी तसा नुसता घुमला. साउंडवाला ओरडला, "मॅडम, कोणता सूर आहे कळतच नाय, आवाजच येतोय नुसता!" मी पुन्हा पुन्हा वाजवून बघितलं, जागा बदलून बघितलं. मग चार तारांची जोडली, मधला पिकअप, वरचा सा. शेडच्या पार टोकाला, झेंडूच्या माळा लावत असलेल्या माणसाने मान वर करून बघितलं.

तेव्हा चार तारांची घेतली आहे. पण तुझ्या कारणासाठी नाही, हे लक्षात ठेव. तू म्हणत होतास पाच तारांची ढोलकच्या अंगावर येते म्हणून. ढोलक नसतानाही ती त्या शेडमध्ये निरुपयोगी होती. तुझी निवड बरोबर आणि कारण चूक. हे सांगायला म्हणून मी तिथे उभ्या उभ्या फोन काढला, आणि तुझं नाव उघडून, टाइप करायला सुरुवातही केली होती. हा धक्का कसा असतो ते मला आता माहीत आहे. तो एकदा बसून संपत नाही. दर वेळी नव्याने कुणीतरी सांगितल्यासारखा येतो.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. दुसऱ्या ढोलकवाल्याला बोलवायचं कुणाच्याच तोंडून निघालं नाही. निखिलने कीबोर्डवर ढोलकचा ठेका भरून आणला होता. काका म्हणाले, "मला याच्यावर गाता येईल का रे?" आणि गायले. बिचारे चांगले गायले. तिसऱ्या गाण्यात मधलं म्युझिक संपून मुखड्यावर यायचं होतं. अशा जागी तू समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, आधी हनुवटी जराशी वर करायचास, आणि आम्ही सगळे तुझ्याकडे बघून एकदम पडायचो. मोजायची वेळच येत नसे. मी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे स्पीकर होता. ठेका त्याच्या गतीने पुढे गेला आणि माझा सा समेच्या मागून पडला.

कंपनीतल्या कुणाला कळलं नाही. टाळ्याही पडल्या. तुला कळलं असतं. तू ढोलकवर एक थाप जास्त मारली असतीस, अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं हे असंच बसवलं होतं. मग वडापाव खाताना सगळ्यांसमोर माझी खेचली असतीस. या वेळी ठेक्याने काही केलं नाही. मी सम चुकले, रफिक, आणि ती तशीच उघडी राहिली.